'चिंधी' आई होते तेव्हा : लहानपणी झालेली हेळसांड मोठेपणी आणि आईपणात कशी वर येते?

घरात मुलगी जन्माला आली. ती कुणालाच नको होती, म्हणून तिला 'चिंधी' म्हणायला लागले. चिंधी म्हणजे फाटक्या कापडाचा तुकडा. बोटाला लागलं की बांधायचा आणि काम झालं की फेकून द्यायचा.

ही चिंधी पुढे जगभर 'माई' म्हणून ओळखली गेली. त्या म्हणजे सिंधुताई सपकाळ.

त्यांची गोष्ट आपण शाळेत, भाषणात, रील्समध्ये आणि २०१० साली आलेल्या 'मी सिंधुताई सपकाळ' या सिनेमात ऐकली-पाहिली आहे. बहुतेक वेळा तिचा शेवट "बघा, इतकं सोसूनही त्या किती मोठ्या झाल्या" असा होतो आणि आपण टाळ्या वाजवून मोकळे होतो.

पण या गोष्टीत एक प्रश्न आहे, जो अनेक मुली स्वतःला गुपचूप विचारत असतात. जिला लहानपणी कुणी मायेनं जवळ घेतलं नाही, ती मोठी होऊन आई झाली की काय होतं? माया मिळालीच नसेल तर ती द्यायची कुठून? आणि "मी पण माझ्या आईसारखीच होईन का?" या भीतीत खरंच काही तथ्य आहे का?

नागपुरात रामदासपेठ ही दवाखान्यांची पेठ म्हणून ओळखली जाते. बाळंतपणाचे डॉक्टर, लहान मुलांचे डॉक्टर, मेंदूचे आणि मनाचे डॉक्टर, सगळे एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर. बाळाचं वजन, लसी, आईचं हिमोग्लोबिन असं सगळं इथे तपासलं जातं. पण "बाई, तुझं स्वतःचं लहानपण कसं गेलं?" हा प्रश्न बाळंतिणीला क्वचितच कुणी विचारतं. खरंतर तो विचारायला हवा, असं गेल्या पन्नास वर्षांचं संशोधन सांगतं.

विषय नीट समजून घेऊ.

चिंधी ते माई, थोडक्यात

रामदासपेठेतून वर्धा रोड धरला की साधारण ७५-८० किलोमीटरवर वर्धा लागतं. वर्धा शहराला लागूनच पिंपरी मेघे आहे. १४ नोव्हेंबर १९४८ ला सिंधुताईंचा जन्म इथे झाला. वडील अभिमान साठे गुरं राखायचे. मुलीनं शिकावं असं त्यांना वाटायचं, आईचा मात्र विरोध होता. मग वडील तिला गुरं चारायच्या निमित्तानं घराबाहेर पाठवायचे आणि ती शाळेत जाऊन बसायची. अशी ती चौथीपर्यंत शिकली.

बारा वर्षांची असताना तिचं लग्न झालं, तेही वयानं कितीतरी मोठ्या माणसाशी. विशीपर्यंत तीन मुलं झाली. गावातल्या बायका जंगलातलं शेण गोळा करायच्या, पण त्याचे पैसे त्यांना मिळत नव्हते. सिंधुताईंनी त्याविरुद्ध आवाज उठवला. ज्यांचं नुकसान झालं त्यांनी नवऱ्याचे कान भरले आणि भरल्या दिवसांच्या बाईला नवऱ्यानं मारहाण करून घराबाहेर काढलं. १९७३ च्या ऑक्टोबरमध्ये गाईच्या गोठ्यात त्या बाळंत झाल्या, मुलगी झाली. नाळ दगडानं ठेचून तोडली, असं त्या स्वतः सांगायच्या.

ओल्या बाळंतिणीनं मग माहेर गाठलं. आईनं घरात घेतलं नाही.

पुढे रेल्वे स्टेशनवर भीक मागणं, स्मशानात रात्र काढणं आणि तिथेच भेटलेल्या बेवारस पोरांना जवळ करणं. चिखलदरा, मग पुण्याजवळ मांजरी, सासवडजवळ कुंभारवळण. हजारो मुलांची आई. २०२१ मध्ये पद्मश्री. ४ जानेवारी २०२२ ला पुण्यात निधन.

यातल्या दोन गोष्टी लक्षात ठेवा : शाळेत पाठवणारे वडील आणि दार बंद करणारं माहेर. पुढे दोन्हींचा संबंध येणार आहे.

नाव ठेवण्यात काय एवढं?

आपल्याकडे दगडू, धोंडू, केरू अशी नावंही ठेवायचे. आधीची मुलं दगावली की या बाळाला दृष्ट लागू नये म्हणून मुद्दाम असं नाव. नाव ओबडधोबड, पण मागे जीव लावलेला. त्यामुळे नावावरून लगेच निष्कर्ष काढता येत नाही. त्या नावासोबत मुलाला काय मिळतं, हे महत्त्वाचं.

साताऱ्यात जे घडत होतं ते मात्र वेगळं होतं. मुलींवर मुली झाल्या की पुढच्या मुलीचं नाव 'नकुशा' किंवा 'नकोशी' ठेवायचं, म्हणजे पुढच्या वेळी मुलगा होतो, अशी समजूत होती. नाव शाळेच्या हजेरीत, कागदपत्रांवर, सगळीकडे तेच. रोज सकाळी बाई हजेरी घेताना "नकुशा" म्हणणार आणि मुलगी "हजर" म्हणणार.

ऑक्टोबर २०११ मध्ये सातारा जिल्हा प्रशासनानं अशा २८५ मुली शोधून त्यांचा नामकरण सोहळा केला. प्रत्येकीला नवं नाव आणि त्याचं प्रमाणपत्र मिळालं. ही बातमी जगभर गेली.

पण नको असणं फक्त नावात नसतं. २०१७-१८ च्या आर्थिक पाहणी अहवालात देशातल्या 'नकोशा' मुलींचा अंदाज दिला होता : २ कोटी १० लाख. म्हणजे मुलगा होईपर्यंत मुलं होऊ देण्याच्या नादात जन्मलेल्या मुली. सीमा जयचंद्रन आणि इल्याना कुझिएम्को या दोन अर्थतज्ज्ञांनी २०११ मध्ये भारतातली आकडेवारी तपासून दाखवलं की मुलींना आईचं दूध मुलांपेक्षा कमी काळ मिळतं. का? तर मुलगी झाली की पुढच्या मुलाची घाई होते. अंगावर पाजणं थांबलं की पुन्हा दिवस लवकर राहतात. इथे त्या आईच्या मनात मुलीबद्दल राग असेलच असं नाही. पण मुलीच्या वाट्याचं दूध कमी होतं ते होतंच.

केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयानं २००७ मध्ये बाल अत्याचारांवर मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. महाराष्ट्रासह १३ राज्यांतली १२,४४७ मुलं त्यात होती. घरात आपल्याकडे कोणत्या ना कोणत्या प्रकारे दुर्लक्ष होतं, असं ७० टक्क्यांहून अधिक मुलींनी सांगितलं. आणि "आपण मुलगा असतो तर बरं झालं असतं" असं ४८.४ टक्के मुलींना वाटत होतं.

हेळसांड म्हणजे नेमकं काय?

मारहाण दिसते. वळ उठतात, शेजारी ऐकतात. हेळसांड दिसत नाही, कारण त्यात काही 'घडत' नाही. जे घडायला हवं होतं ते घडत नाही.

तिचे ढोबळमानानं असे प्रकार आहेत.

शरीराची हेळसांड : पुरेसं खायला न देणं, अंगावर धड कपडे नसणं, स्वच्छता न राखणं.

औषधपाण्याची : ताप चार दिवस अंगावर काढायला लावणं, लसी चुकवणं.

शिक्षणाची : धाकट्यांना सांभाळायला शाळेतून काढणं.

लक्ष न ठेवणं : पोर कुठे आहे, कुणासोबत आहे, याची खबर नसणं.

आणि भावनिक : खायला-प्यायला सगळं आहे, फी भरलेली आहे, पण रडलं तर कुणी विचारत नाही, आनंद सांगायला गेलं तर "बरं, मग?" एवढंच उत्तर मिळतं. चांगल्या खात्यापित्या फ्लॅटमध्येही हा प्रकार सापडतो.

इथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. गरिबी म्हणजे हेळसांड नव्हे. ऊसतोडीला जाताना पोराला आजीकडे ठेवणारी आई पोराला टाकून देत नसते, पोट भरायला जात असते. कायदाही हा फरक करतो. बाल न्याय कायदा २०१५ च्या कलम ७५ नुसार मुलाची जाणूनबुजून हेळसांड केल्यास तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. पण हाताबाहेरच्या परिस्थितीमुळे जन्मदात्यांना मूल सोडावं लागलं असेल तर ते जाणूनबुजून मानलं जात नाही.

मेंदूत काय होतं?

बाळ 'आंsss' करतं, आई 'काय गं माझी बाई' म्हणते. बाळ हसतं, आई हसते. आपल्याला हे नुसतं लाड करणं वाटतं. पण बाळाच्या मेंदूतल्या जोडण्या याच देवाणघेवाणीतून पक्क्या होतात. १९७० च्या दशकात एडवर्ड ट्रॉनिक या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं एक साधा प्रयोग केला. आईनं बाळाशी आधी नेहमीसारखं खेळायचं आणि मग काही मिनिटं चेहरा दगडासारखा ठेवायचा. बाळ आधी हसून, हात करून, आवाज काढून तिला परत बोलवायचा प्रयत्न करतं. मग रडतं. शेवटी तोंड फिरवतं. ही फक्त दोन-तीन मिनिटं होती. आता हेच रोज, वर्षानुवर्षं चाललं तर?

त्याचं उत्तर रोमानियात दिसलं. तिथली हुकूमशाही १९८९ च्या अखेरीस कोसळली, तेव्हा लाखाहून जास्त मुलं सरकारी संस्थांमध्ये असल्याचं समोर आलं. खाणं-पिणं कसंबसं मिळत होतं, पण उचलून घेणारं, बोलणारं माणूस नव्हतं. पुढे २००० साली चार्ल्स नेल्सन, नेथन फॉक्स आणि चार्ल्स झीना या संशोधकांनी बुखारेस्टमधल्या १३६ लहान मुलांचा अभ्यास सुरू केला. निम्म्या मुलांना सांभाळणारी कुटुंबं शोधून दिली. संस्थेत राहिलेल्या मुलांच्या मेंदूतली विद्युत हालचाल मंदावलेली होती, बुद्ध्यांक कमी होता, जिव्हाळा जोडणं त्यांना अवघड जात होतं. घर मिळालेली मुलं मात्र सुधारत गेली. वयाच्या साधारण दोन वर्षांच्या आत घर मिळालेल्यांमध्ये ही सुधारणा जास्त दिसली.

दुसरी गोष्ट ताणाची. भीती वाटली की शरीरात कॉर्टिसोलसारखी संप्रेरकं वाढतात. कुणी जवळ घेतलं की ती उतरतात. जवळ घेणारं कुणीच नसेल तर धोक्याची घंटा एकतर सतत वाजत राहते, नाहीतर वाजायचीच बंद होते. म्हणून अशी काही माणसं मोठेपणी छोट्याशा आवाजानं दचकतात, तर काहींना मोठं संकट आलं तरी काहीच वाटत नाही.

मोठेपणी हे कुठे दिसतं?

१९९८ मध्ये अमेरिकेत व्हिन्सेंट फेलिटी आणि रॉबर्ट अँडा यांनी बालपणीच्या वाईट अनुभवांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. या प्रकल्पात एकूण १७ हजारांहून अधिक प्रौढ माणसांना बालपणाबद्दल विचारलं गेलं आणि त्यांची आजची तब्येत पाहिली गेली. बालपणीचे वाईट अनुभव जितके जास्त, तितकं नैराश्य, दारू, आत्महत्येचे प्रयत्न, इतकंच काय, हृदयविकाराचंही प्रमाण जास्त, असं त्यातून दिसलं.

इन्स्टावर याच अभ्यासाची प्रश्नावली फिरत असते. 'तुमचा स्कोर किती?' वगैरे. ती भरून घाबरून जाऊ नका. हा आकडा हजारो लोकांचा कल सांगतो, एका माणसाचं भविष्य सांगत नाही. खुद्द अँडा यांनीच पुढे याबद्दल सावध केलं आहे.

रोजच्या जगण्यात हे साध्या गोष्टींत दिसतं. मदत मागता येत नाही. "मला काही नको" हे वाक्य तोंडात बसलेलं असतं. कुणी कौतुक केलं की संशय येतो. स्वतःला भूक लागली, दमलोय, राग आलाय, हे उशिरा कळतं, कारण लहानपणी ते कळून घेणारं कुणी नव्हतं. आणि जो कुणी जरा माया दाखवेल त्याच्यासाठी नको इतकं करत सुटणं. अर्थात यातलं एखादं लक्षण सगळ्यांतच सापडेल. त्यावरून लगेच स्वतःचं निदान करू नका.

आणि मग ती आई होते

१९७५ मध्ये सेल्मा फ्रायबर्ग या बालमनोविश्लेषक बाईंनी सहकाऱ्यांसोबत एक लेख लिहिला. त्यांचं म्हणणं होतं की प्रत्येक पाळणाघरात काही भुतं असतात, म्हणजे आई-बापांच्या भूतकाळातली न बोलावता आलेली माणसं.

त्यात एका तरुण आईची केस आहे. तिचं साडेपाच महिन्यांचं बाळ जीव तोडून रडायचं आणि ती शून्यात बघत बसायची. बघणाऱ्याला वाटावं, काय ही आई! पण फ्रायबर्ग यांच्या टीमनं तिला उपदेश केला नाही. या आईचं स्वतःचं रडणं लहानपणी कुणी ऐकलं होतं का, हा प्रश्न त्यांनी घेतला. तिचं बालपण टाकून दिल्यासारखं गेलं होतं. ते तिनं हळूहळू सांगितलं, सांगताना ती रडली आणि तिचं ऐकून घेतलं गेलं. त्यानंतर ती बाळाला उचलायला, छातीशी धरायला लागली.

फ्रायबर्ग यांचा निष्कर्ष लक्षात ठेवण्यासारखा आहे. ज्या आयांना लहानपणी काय झालं हे आठवतं, पण तेव्हा काय वाटलं होतं ते आठवत नाही, त्यांच्याकडून तेच पुन्हा होण्याचा धोका असतो. ज्यांना ते दुःख आठवतं, त्या "माझ्या लेकराला हे होऊ देणार नाही" असं म्हणू शकतात.

आपल्याकडे यात अजून एक गोष्ट मिसळते, ती म्हणजे माहेर.

पहिलं बाळंतपण माहेरी करायची आपली रीत. सव्वा महिना आईच्या हातचं खायचं, शेक-शेगडी, तेल लावून अंघोळ. अनेकींसाठी हा आयुष्यातला सुखाचा काळ असतो. पण जिच्यासाठी माहेर हेच हेळसांडीचं ठिकाण होतं, तिचं काय? त्याच घरात, त्याच माणसांमध्ये, शरीर सगळ्यात नाजूक असताना तिला परत जावं लागतं. "आता आई तरी जवळ घेईल" ही आशा पुन्हा वर येते. ती पुरी झाली नाही की जुनी जखम आणि नवं बाळंतपण एकदमच अंगावर येतं. सिंधुताईंच्या बाबतीत तर दारच बंद झालं. इतरांच्या बाबतीत दार उघडं असतं, पण "आमच्या वेळी आम्ही नाही का केलं" असा टोमणा आत वाट बघत असतो.

भारतातल्या अभ्यासांचा एकत्रित आढावा घेऊन २०१७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात एक लेख आला होता. त्यानुसार सुमारे २२ टक्के बाळंतिणींना प्रसूतीनंतरचं नैराश्य येतं, म्हणजे पाचातल्या एकीला. ज्यांचं बालपण हालात गेलं त्यांना हा धोका जास्त असतो. तरी आपण त्याला 'बाळंतवात', 'नाटकं' किंवा 'सवय नाही अजून' म्हणून सोडून देतो.

यात दोन टोकं दिसतात. एक, बाळाबद्दल काहीच वाटत नाही. दुसरं, बाळाला क्षणभरही खाली ठेवायचं नाही, कुणाच्या हातात द्यायचं नाही, जरा शिंकलं की दवाखाना. "मला मिळालं नाही ते सगळं हिला मिळालं पाहिजे" या नादात आई स्वतः जेवत नाही, झोपत नाही. दुसऱ्या टोकाचं समाजात कौतुक होतं, त्यामुळे ते लक्षातच येत नाही.

मग हे पिढ्यानपिढ्या असंच चालणार?

नाही. आणि हे नुसतं धीर द्यायला म्हणत नाही.

१९८७ मध्ये जोन कॉफमन आणि एडवर्ड झिगलर यांनी तोवरचे अभ्यास तपासले. बालपणी छळ किंवा टोकाची हेळसांड सोसलेल्या पालकांपैकी साधारण ३० टक्के जण आपल्या मुलांशी तसं वागतात, असा त्यांचा अंदाज होता. इतर लोकांपेक्षा हा धोका कितीतरी पट जास्त आहे, हे खरं. पण याचा दुसरा अर्थ असा की साधारण ७० टक्के जण ही साखळी तोडतात.

ती कशी तोडतात? मिनेसोटामध्ये बायरन एगलँड आणि सहकाऱ्यांनी छळ सोसूनही मुलांना नीट वाढवणाऱ्या आयांचा अभ्यास केला आणि १९८८ मध्ये निष्कर्ष मांडले. या आयांमध्ये तीन गोष्टी जास्त आढळल्या. लहानपणी निदान एका मोठ्या माणसाची माया मिळालेली. आयुष्यात कधीतरी समुपदेशन किंवा उपचार घेतलेले. आणि आज साथ देणारा जोडीदार.

हवाईच्या कौआई बेटावर एमी वर्नर यांनी १९५५ मध्ये जन्मलेल्या मुलांचा कित्येक दशकं मागोवा घेतला. तिथेही हेच दिसलं. सगळ्यात बिकट घरांतल्या मुलांपैकी साधारण एक तृतीयांश मुलं सक्षम, मायाळू माणसं झाली आणि त्यांच्या लहानपणात बहुतेकदा कुणीतरी एक आधाराचं माणूस होतं. आजी, काका, शाळेतल्या बाई, कुणीही.

आता गुरं चारायच्या निमित्तानं मुलीला शाळेत पाठवणारे अभिमान साठे आठवा. चिंधीला घरात सगळ्यांनीच टाकलं नव्हतं. एक माणूस होता, ज्याला ती हवी होती.

आणखी एक दिलासा देणारी गोष्ट. लंडनमध्ये पीटर फोनागी आणि मिरियम व हॉवर्ड स्टील यांनी गरोदर बायकांना त्यांच्या बालपणाबद्दल विचारलं. बाळ एक वर्षाचं झाल्यावर त्याचं आईशी नातं कसं आहे ते पाहिलं. १९९१ मध्ये त्यांनी सांगितलं की गरोदरपणातल्या त्या एका मुलाखतीवरून साधारण ७५ टक्के बाळांबद्दलचा अंदाज बरोबर ठरला. पण यात बालपण सुखाचं होतं की दुःखाचं, याला फार महत्त्व नव्हतं. आई त्याबद्दल किती सरळ, संगतवार बोलू शकते, याला होतं. "सगळं छान होतं" म्हणून झटकून टाकणारी किंवा आजही त्याच रागात अडकलेली आई एका बाजूला. "माझ्यावर अन्याय झाला, मला वाईट वाटतं, त्यांचीही काही कारणं असतील" असं म्हणू शकणारी दुसऱ्या बाजूला. बालपण बदलता येत नाही. पण त्याची गोष्ट कशी सांगायची, हे बदलता येतं.

माईंच्या गोष्टीतली अवघड बाजू

सिंधुताईंनी आपली मुलगी ममता पुण्याच्या श्रीमंत दगडूशेठ हलवाई ट्रस्टकडे सोपवली. कारण त्यांनी स्वतः सांगितलं होतं : पोटची मुलगी जवळ असली तर अनाथ मुलांमध्ये भेदभाव होईल. ममताताई पुढे शिकल्या आणि आईच्याच कामात आल्या.

हा निर्णय बरोबर की चूक, हे ठरवणारे आपण कोण? भीक मागून पोट भरणाऱ्या एकट्या बाईपुढे कुठले पर्याय होते, हे आपल्याला एसीत बसून कळणार नाही. पण एक गोष्ट नोंदवायला हरकत नाही. आपण या त्यागाची गोष्ट कायम आईच्या बाजूनं सांगतो. मुलाच्या बाजूनं बघितलं तर कारण कितीही मोठं असलं तरी आई जवळ नसणं हे आई जवळ नसणंच असतं. ते जमेल तितकं भरून काढता येतं, पण त्यासाठी आधी ते मान्य करावं लागतं. 'त्याग' म्हटलं की बोलणंच संपतं, ही खरी अडचण आहे.

पुढे म्हातारपणी नवरा परत आला, तेव्हा सिंधुताईंनी "नवरा म्हणून नाही, माझं लेकरू म्हणून राहा" अशा अर्थाचं उत्तर देत त्याला आश्रमात जागा दिली. हे त्यांना जमलं. पण म्हणून प्रत्येकीनं माफ केलंच पाहिजे असं नाही. माफ न करताही माणूस बरा होऊ शकतो.

म्हणजे फिरून आईचाच दोष?

हा लेख वाचून "बघ, सगळं आईमुळे" असा अर्थ काढला तर मोठी गल्लत होईल. पाचवी मुलगी झाली म्हणून टोमणे खाणारी, रक्त कमी असलेली, विशी-बाविशीतली बाई माया आणणार कुठून? बऱ्याचदा जी आई मुलीकडे बघत नाही, तिच्याकडेही कधी कुणी बघितलेलं नसतं.

आणि बाप कुठे आहे? २०१७ पासून संघटित क्षेत्रातल्या बाईला पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा मिळते. केंद्र सरकारच्या पुरुष कर्मचाऱ्याला १५ दिवस. खासगी नोकरीतल्या बापाला कायद्यानं एकही दिवस नाही. शेतमजूर बाईच्या वाट्याला तर यातलं काहीच येत नाही. आईला साथ देणारा जोडीदार साखळी तोडतो, असं संशोधन सांगतं. आणि आपली व्यवस्था त्या जोडीदाराला तिसऱ्या दिवशी ऑफिसात बोलावते.

मग करायचं काय?

तुम्ही स्वतः अशा बालपणातून आला असाल तर आधी एका विश्वासाच्या माणसाशी बोला. सगळं एकदम सांगायची गरज नाही. गरोदर असाल तर डॉक्टरांना "माझं बालपण अवघड गेलं, मला भीती वाटते" एवढं एक वाक्य सांगा. बाळंतपण माहेरी करायचं की नाही, हे रीत बघून नाही, तर तुम्हाला कुठे सुरक्षित वाटतं ते बघून ठरवा.

बाळासोबत परिपूर्ण असायची गरज नाही. ट्रॉनिक यांच्या प्रयोगात आईनं पुन्हा हसून बघितलं की बाळं हळूहळू परत यायची. चिडचिड होणारच. नंतर जवळ घेऊन "आई चिडली ना, ये इकडे" म्हणणं जास्त महत्त्वाचं.

दोन आठवड्यांहून जास्त काळ सतत रडू येत असेल, बाळाबद्दल काहीच वाटत नसेल, स्वतःला किंवा बाळाला इजा करायचे विचार येत असतील तर थांबू नका. १४४१६ ही सरकारची 'टेली-मानस' हेल्पलाइन आहे. १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, मोफत आहे, चोवीस तास आहे आणि मराठीत बोलता येतं. नागपुरात खासगी दवाखान्याची फी परवडत नसेल तर मेडिकलमध्ये मानसोपचार विभाग आहे, प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. इतर जिल्ह्यांत जिल्हा रुग्णालयात विचारा. "भरती केलं तर बाळ हिरावून घेतील" अशी भीती अनेकींना असते. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ नुसार उपचार घेणाऱ्या आईपासून तीन वर्षांखालचं मूल सहसा वेगळं करता येत नाही. आईच्या आजारामुळे बाळाला धोका असेल तरच तात्पुरतं वेगळं ठेवता येतं.

एखाद्या मुलाची हेळसांड होताना दिसत असेल तर १०९८ ला फोन करा. तुमचं नाव गुप्त राहतं.

आणि यातलं काहीच तुमच्या घरात नसेल तर? तुमच्या सोसायटीत, वस्तीत, वर्गात एखादं पोर असेल ज्याच्याकडे कुणाचं लक्ष नाही. त्याचं नाव लक्षात ठेवा. भेटलं की त्या नावानं हाक मारा, जेवलास का, शाळेत काय झालं, विचारा आणि उत्तर ऐकायला थांबा. कौआईपासून पिंपरी मेघेपर्यंत प्रत्येक ठिकाणी फरक पडला तो असं कुणीतरी एक माणूस होतं म्हणून.